न झालेल्या लढतींचा हिशेब

1969 च्या उन्हाळ्यात मायामीतल्या एका बंदिस्त स्टुडिओत दोन जगज्जेते रिंगमध्ये उतरले. रॉकी मार्सियानो 45 वर्षांचा होता आणि निवृत्त होऊन त्याला तेरा वर्षं झाली होती. या कामासाठी त्यानं बरंच वजन उतरवलं होतं आणि विरळ झालेल्या केसांवर टोप बसवला होता. समोरचा मुहम्मद अली 27 वर्षांचा, ऐन उमेदीतला. व्हिएतनाम युद्धाच्या काळात लष्करात भरती व्हायला नकार दिल्यामुळे त्याचा किताब आणि लढण्याचा परवाना दोन्ही हिरावून घेतलेले होते. एकेका मिनिटाच्या सत्तरच्या आसपास फेऱ्या चित्रित झाल्या. शेवटही अनेक करून ठेवले. एकात हा पडतो, दुसऱ्यात तो, आणखी एकात जखमा पाहून पंच लढत थांबवतात. त्यातला कोणता शेवट दाखवायचा, ते एनसीआर 315 नावाचा संगणक ठरवणार होता.

कल्पना मरे वोरोनर या निर्मात्याची. त्यानं 1967 मध्ये रेडिओवर सोळा हेवीवेट विजेत्यांची अशीच संगणकी स्पर्धा भरवली होती. तीत आपण जिम जेफ्रीजकडून हरलो हे ऐकून अली इतका संतापला की त्यानं दहा लाख डॉलरचा बदनामीचा दावा ठोकला. पुढे तडजोड झाली आणि त्यातूनच हा चित्रपट जमला. चित्रीकरणानंतर काही आठवड्यांतच, 31 ऑगस्टला, मार्सियानो विमान अपघातात गेला. 20 जानेवारी 1970 च्या रात्री शेकडो थिएटरांत चित्रपट लागला आणि अमेरिकी प्रेक्षकांनी तेराव्या फेरीत अलीला पडताना पाहिलं. युरोपात मात्र दुसरा शेवट दाखवला गेला. तिथे मार्सियानोच्या जखमांमुळे लढत थांबते आणि अली जिंकतो.

त्या यंत्रात भरलेली माहिती जाणकारांना विचारूनच गोळा केलेली होती. जाणकारांचं मत आत गेलं आणि जाणकारांचंच मत बाहेर आलं. तेव्हापासून आजपर्यंत 'कोणत्या काळातले हेवीवेट सर्वांत दर्जेदार' हा वाद तिथेच घुटमळतो आहे. एक पक्ष म्हणतो, जुने ते पोलादी, हल्लीचे नुसतेच अवाढव्य. दुसरा पक्ष म्हणतो, माणूस दर पिढीत वेगवान आणि ताकदवान होतो, मग मुष्टियुद्धच अपवाद कसं असेल? मला या दोन्हींपेक्षा एक वेगळी वाट जास्त भरवशाची वाटते. एखाद्या काळात कोण जिंकलं हे तर पाहावंच, पण त्या काळात कोणत्या लढती व्हायला हव्या होत्या आणि झाल्या नाहीत, याची यादी आधी करावी.

त्याआधी शरीरांचं बघू, कारण पहिली नजर तिथेच जाते. 1897 मध्ये जगज्जेता झालेला बॉब फिट्झसिमन्स जेमतेम 76 किलोचा होता. जॅक डेम्प्सी 85 किलोच्या घरात आणि मार्सियानोही तेवढाच. आज 90.7 किलोपर्यंतच्या लढवय्यांसाठी क्रूझरवेट हा वेगळा गट आहे. म्हणजे हे तिघेही आज हेवीवेटमध्ये उतरलेच नसते. किन्शासात 1974 मध्ये अली 98 किलोचा होता आणि जॉर्ज फोरमन 100 चा. डिसेंबर 2024 मध्ये टायसन फ्युरी रियाधमध्ये उतरला तो 127 किलोनिशी.

हे आकडे पाहून वाद मिटला असं वाटेल, पण डेम्प्सीनं 4 जुलै 1919 ला टोलेडोत जेस विलार्डचं काय केलं ते आठवावं. विलार्ड त्याच्यापेक्षा सुमारे 26 किलोनं जड आणि साडेसहा फूट उंच. पहिल्याच फेरीत तो सात वेळा खाली पडला. नव्वद किलोच्या आसपासच्या जो लुईनं 1935 मध्ये भल्याथोरल्या प्रिमो कार्नेराला सहाव्या फेरीत संपवलं. आणि फ्युरीला 2024 मध्ये दोनदा हरवणारा ओलेक्झांडर उसिक हा मुळात क्रूझरवेटचा जगज्जेता, दुसऱ्या लढतीत त्याच्यापेक्षा पंचवीसएक किलोनं हलका. आकाराला किंमत आहे, खासकरून उंच माणसाला डावा हात लांब ठेवून लढण्याचं तंत्र येत असेल तर. क्लिच्को बंधू आणि लेनॉक्स लुईस यांच्याकडे ते होतं, विलार्ड आणि कार्नेराकडे नव्हतं. जुन्या काळातले धिप्पाड लोक हरत, यावरून आजचेही हरले असते असं म्हणता येत नाही. उलट बाजूनंही ते तितकंच खरं आहे.

जुन्या फिती पाहतानाही फसायला होतं. हातानं फिरवायच्या कॅमेऱ्यांतलं ते चित्रण पुढच्या काळातल्या प्रक्षेपकांवर लावलं की माणसं टकाटका उड्या मारल्यासारखी दिसतात, आणि पाहणाऱ्याला वाटतं यांना लढता येत नव्हतं. दुसरीकडे जॅक जॉन्सन मधेमधे प्रतिस्पर्ध्याला नुसता मिठीत धरून उभा दिसतो. 1915 मध्ये हवानात विलार्डविरुद्धची त्याची लढत पंचेचाळीस फेऱ्यांची ठरली होती आणि ती सव्विसाव्या फेरीपर्यंत उन्हात चालली. पंचेचाळीस फेऱ्या डोळ्यांसमोर ठेवून उतरलेला माणूस ठोसे जपूनच वापरणार. आपण त्याला बारा फेऱ्यांच्या मापानं मोजतो.

फेऱ्यांचा हा मुद्दा वाटतो त्याहून मोठा आहे. 23 सप्टेंबर 1952 ला फिलाडेल्फियात मार्सियानो जर्सी जो वॉलकॉटला आव्हान द्यायला उतरला, तेव्हा बारा फेऱ्या संपल्यावर तिन्ही गुणपत्रकांवर वॉलकॉट पुढे होता. मार्सियानो पहिल्याच फेरीत एकदा पडला होता आणि त्याचा चेहरा रक्तानं माखला होता. तेराव्या फेरीत वॉलकॉट दोरांकडे सरकला. दोघांनी एकाच वेळी उजवा हात मारायला घेतला आणि मार्सियानोचा आधी पोचला. ठोसा फार लांबून आलेला नव्हता. वॉलकॉटचा एक हात दोरात अडकला, गुडघे वाकले आणि तो हळूहळू खाली ओघळला. आजच्या नियमानं ही लढत बाराव्या फेरीअखेर वॉलकॉटनं जिंकली असती आणि 49 लढती, 49 विजय हा मार्सियानोचा प्रसिद्ध विक्रम झालाच नसता. जून 1941 मध्ये बिली कॉनही जो लुईविरुद्ध बाराव्या फेरीअखेर दोन परीक्षकांच्या मते पुढे होता, तिसऱ्याच्या मते बरोबरीत. तोही तेराव्यातच गारद झाला. नोव्हेंबर 1982 मध्ये दक्षिण कोरियाच्या किम दुक-कू या हलक्या वजनगटातल्या तरुणाचा चौदाव्या फेरीनंतर मृत्यू ओढवला आणि त्यानंतर किताबी लढती पंधराच्या बारा झाल्या. निर्णय योग्यच होता. पण शेवटच्या त्या तीन फेऱ्यांसाठी दमसास राखून ठेवणं ही एक वेगळी विद्या होती, आणि ती आता कुणाला शिकावी लागत नाही.

आता न झालेल्या लढतींकडे येतो. 1891 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जेम्स कॉर्बेट आणि पीटर जॅक्सन हा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा 61 फेऱ्या लढले आणि निकाल लागला नाही. पुढच्याच वर्षी कॉर्बेट जॉन एल. सलिवनला हरवून जगज्जेता झाला. सलिवननं कृष्णवर्णीयांशी लढायला उघड नकार दिलेला होता, आणि कॉर्बेट विजेता असताना जॅक्सनला किताबाची लढत मिळाली नाही. 1908 मध्ये सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून जॉन्सन पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला, तेव्हा हे दार उघडलं असं वाटावं. पण गोऱ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध पैसा जास्त होता. सात वर्षांत जॉन्सननं किताबासाठी एकाच कृष्णवर्णीयाशी लढत दिली, पॅरिसमध्ये 1913 साली, बॅटलिंग जिम जॉन्सनशी.

त्यामुळे सॅम लँगफर्ड, जो जेनेट, सॅम मॅकव्हे, हॅरी विल्स ही माणसं वर्षानुवर्षं आपसातच लढत राहिली. 1909 मध्ये पॅरिसला जेनेट आणि मॅकव्हे 49 फेऱ्या लढले. पुन्हा पुन्हा खाली पडून उठलेला जेनेट शेवटी जिंकला, कारण मॅकव्हेला खुर्चीतून उठवेना. लँगफर्ड आणि विल्स एकमेकांशी पंधराहून अधिक वेळा लढले. लँगफर्ड तर पाच फूट सात इंचांच्या आतबाहेरचा. 1906 मध्ये जॉन्सननं त्याला गुणांवर हरवलं होतं, पण तेव्हा लँगफर्ड मिडलवेटच्या वजनाचा होता. तो अंगानं भरला त्यानंतर जॉन्सननं पुन्हा त्याच्यासमोर उभं राहायचं टाळलं. पुढे डेम्प्सीच्या काळात विल्स हा सर्वांत मोठा आव्हानवीर. करारावर सह्यासुद्धा झाल्या, लढत मात्र झाली नाही. 1915 पासून 1937 मध्ये जो लुई जिंकेपर्यंत बावीस वर्षं एकाही कृष्णवर्णीयाला हेवीवेट किताबासाठी लढू दिलं गेलं नाही.

1944 मध्ये एका वृत्तपत्राचा प्रतिनिधी लँगफर्डचा शोध घेत हार्लेममध्ये पोचला, तेव्हा तो पूर्ण आंधळा झालेला होता आणि एका खोलीत कंगाल अवस्थेत राहत होता. डोळे लढतीच्या काळातच अधू होत गेले होते, पण तो लढत राहिला, कारण एका किताबी लढतीत मिळाले असते तेवढे पैसे मिळवायला त्याला डझनावारी लढती कराव्या लागत. डेम्प्सीच्या दशकाला सुवर्णकाळ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण इथे आहे. डेम्प्सी उत्तम लढवय्या होता, त्याबद्दल शंका नाही. पण त्याच्या काळाचा दर्जा आपल्याला कळूच शकत नाही. ज्यांच्याशी लढून तो कळला असता, त्यांना रिंगबाहेर ठेवलं होतं.

लुईनं बारा वर्षांत पंचवीस वेळा किताब राखला. हेवीवेटमधला हा विक्रम अजून अबाधित आहे. त्याचे प्रतिस्पर्धी कच्चे होते अशी टीका तेव्हापासून होते, पण त्यानं कुणाला टाळलं असं म्हणता येत नाही. मार्सियानोचंही तेच. त्यानं हरवलेला लुई 37 वर्षांचा होता, वॉलकॉट 38 चा. काळ ओहोटीचा होता हे खरं, पण जे समोर होते त्यांच्याशी तो लढला.

सत्तरच्या दशकाकडे या नजरेनं पाहिलं की त्याची थोरवी ध्यानात येते. अली, जो फ्रेझियर, फोरमन आणि केन नॉर्टन ही त्या काळातली चार मोठी नावं. चौघांच्या जोड्या होतात सहा. त्यातल्या पाच जोड्या प्रत्यक्ष लढल्या आणि मिळून दहा लढती झाल्या. अली–फ्रेझियर तीन, अली–नॉर्टन तीन, फोरमन–फ्रेझियर दोन, अली–फोरमन एक, फोरमन–नॉर्टन एक. राहिली फक्त फ्रेझियर आणि नॉर्टनची. ते दोघे एडी फच या एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली सराव करत होते, म्हणून.

या लढतींचे निकाल पाहिले तर चक्रावून जायला होतं. फ्रेझियरनं 8 मार्च 1971 ला अलीला पंधरा फेऱ्यांत हरवलं, शेवटच्या फेरीत डाव्या हुकनं खाली पाडून. त्या फ्रेझियरला फोरमननं 1973 मध्ये किंग्स्टनला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. नॉर्टननं त्याच वर्षी अलीचा जबडा मोडला आणि लढत जिंकली. फोरमननं नॉर्टनला 1974 मध्ये दोन फेऱ्यांत उडवलं. मग अलीनं 30 ऑक्टोबर 1974 ला किन्शासात फोरमनला आठव्या फेरीत पाडलं. कोण कोणापेक्षा वरचढ याची सरळ उतरंड इथे लागतच नाही. फोरमनला भिडायला जाणारा फ्रेझियरसारखा लढवय्या चिरडला जाई, आणि अलीसारखा उंच, मार सोसून थांबणारा त्याला दमवी. या चौघांच्या मागे जेरी क्वारी, रॉन लाइल, अर्नी शेव्हर्स, जिमी यंग अशी दुसरी फळी होती. यंगनं 1976 मध्ये अलीला पंधरा फेऱ्या जेरीस आणलं आणि 1977 मध्ये फोरमनला चक्क हरवलं. अशा गुंत्यात प्रत्येकाची ताकद आणि प्रत्येकाची उणीव उघडी पडते. एकही दुबळी जागा लपवायला वाव उरत नाही, आणि दर्जा म्हणजे मला तेच वाटतं.

हा काळ खरोखर केवढा होता, याचा एक पुरावा वीस वर्षांनी समोर आला. 5 नोव्हेंबर 1994 ला लास व्हेगासमध्ये 45 वर्षांचा फोरमन 26 वर्षांच्या मायकल मूररपुढे उभा राहिला. अंगात किन्शासात घातलेली तीच लाल चड्डी. कोपऱ्यात अँजेलो डंडी, जो किन्शासात अलीच्या कोपऱ्यात होता. मूररनं त्याच वर्षी एव्हँडर होलीफिल्डला हरवून किताब मिळवला होता. नऊ फेऱ्या तो फोरमनला चकवत, टोचत राहिला आणि तिन्ही गुणपत्रकांवर पुढे गेला. दहाव्या फेरीत मात्र तो फोरमनच्या थेट समोर उभा राहिला. फोरमननं डावा हात लावून अंतर मापलं आणि मागोमाग उजवा हात हनुवटीवर घातला. त्या हातात वेग फारसा नव्हता. खांदा आणि कंबर मागून पूर्ण वळून आलेली दिसते, इतकंच. मूरर पाठीवर पडला आणि दहा आकडे संपेपर्यंत उठला नाही. फोरमन आपल्या कोपऱ्यात गुडघे टेकून बसला.

यावरून सत्तरचे हेवीवेट नव्वदच्या हेवीवेटपेक्षा थोर ठरतात का? मी तेवढं म्हणणार नाही. याच फोरमनला 1991 मध्ये होलीफिल्डनं आणि 1993 मध्ये टॉमी मॉरिसननं गुणांवर हरवलं होतं. पण चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला माणूस पुढच्या पिढीच्या उत्तमांपुढे बारा फेऱ्या उभा राहतो आणि त्यातल्या एकाला झोपवतो, तर सत्तरचे लोक केवळ आठवणीत मोठे झाले आहेत असं म्हणायची सोय उरत नाही. लॅरी होम्सनंही 42 व्या वर्षी, 1992 मध्ये, अपराजित रे मर्सरला गुणांवर नमवलं. दोन काळ जोडणारी अशी माणसं कोणत्याही संगणकापेक्षा जास्त सांगून जातात.

नव्वदच्या दशकातली मंडळी अंगापिंडानं सत्तरच्यांहून सरस होती, असं मला वाटतं. लेनॉक्स लुईस, रिडिक बो, होलीफिल्ड, माइक टायसन. इथेही सहा जोड्या करून पाहाव्या. व्यावसायिक रिंगमध्ये चार लढल्या, दोन कधीच नाही. बो आणि टायसन भिडले नाहीत. लुईसनं 1988 च्या ऑलिंपिक अंतिम लढतीत बोला थांबवलं होतं, त्यामुळे व्यावसायिक रिंगमध्ये ती लढत सगळ्यांनाच हवी होती. 1992 मध्ये बो जगज्जेता झाला आणि लुईसशी लढण्याऐवजी त्यानं आपला एक पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला. टायसन 1992 ते 1995 तुरुंगात होता. होलीफिल्डशी त्याची 1991 मध्ये ठरलेली लढत शेवटी 1996 ला झाली, आणि लुईसशी 2002 मध्ये, जेव्हा टायसनमध्ये फार काही उरलं नव्हतं. माणसं थोर, पण एकमेकांसमोर आली ती उशिरा.

त्यानंतरच्या क्लिच्को बंधूंच्या दशकात अव्वल दोघे सख्खे भाऊ होते आणि एकमेकांशी न लढण्याचा शब्द त्यांनी आईला दिला होता. 2018 मध्ये अँथनी जोशुआ आणि डिऑन्टे वाइल्डर दोघेही अपराजित, चारही पट्टे त्या दोघांत वाटलेले. ती लढत जमली नाही, आणि पुढच्या वर्षी जोशुआ दुसऱ्याच कुणाकडून हरला. चार संघटना, चार पट्टे, वेगवेगळे टीव्हीवाले. प्रत्येकाला आपला विजेता जपून ठेवण्यातच फायदा. मे 2024 मध्ये उसिकनं फ्युरीला हरवलं तेव्हा जवळपास पाव शतकानंतर हेवीवेटला एकच निर्विवाद जगज्जेता मिळाला. जोशुआला दोनदा, फ्युरीला दोनदा, डॅनिएल डुबॉइसला दोनदा हरवून उसिकनं आपल्या काळाची थकबाकी एकट्यानं पुष्कळ फेडली आहे.

सत्तरच्या दशकावर माझा जीव आहे, म्हणून त्याचीही बाकी सांगायला हवी. क्युबात साठच्या दशकापासून व्यावसायिक खेळांवर बंदी होती. तेओफिलो स्टीव्हन्सन तिथला. उंच, सडपातळ, उजवा हात सरळ आणि भयंकर. 1972, 1976 आणि 1980 या तिन्ही ऑलिंपिकमध्ये हेवीवेटचं सुवर्ण त्यानं जिंकलं. अलीशी लढण्यासाठी त्याच्यापुढे अमेरिकी पैसा ठेवला गेला, त्यानं तो नाकारला. तो अजिंक्य नव्हता. सोव्हिएत संघाच्या इगोर विसोत्स्कीनं त्याला दोनदा हरवलं होतं. पण मॉन्ट्रियलला 1976 च्या उपांत्य लढतीत त्यानं अमेरिकेच्या जॉन टेटला पहिल्याच फेरीत पाडलं. टेट व्यावसायिक झाला आणि ऑक्टोबर 1979 मध्ये प्रिटोरियात पंधरा फेऱ्या लढून, अलीनं रिकामा केलेला एक पट्टा त्यानं कमरेला बांधला. स्टीव्हन्सन तेव्हा हवानातच होता. पुढच्या उन्हाळ्यात तो मॉस्कोला गेला आणि तिसरं सुवर्ण घेऊन परत आला.